काटेकुटे : पावसाळ्याच्या तोंडावर आलेले प्रश्न

निवडुंग आणि ज्यांना हल्ली सगळे सक्युलंट म्हणतात त्या मांसल झाडांबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पिशवी भरून आले. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे, "आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?" याला उत्तर नाही. झाड मूळचं कुठलं आणि तुम्ही राहता कुठे, हे न विचारता कोणी पाण्याचं वेळापत्रक देत असेल तर ते ऐकून घ्या आणि सोडून द्या. मी नाशिकची, माझी गच्ची नाशिकची. गुहागरच्या वाचकांनी माझं सांगणं जसंच्या तसं उचलू नये. प्रश्न जागेअभावी कापले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न (ठाणे) : गुलाबासारखी दिसणारी एचेव्हेरिया ऑनलाइन मागवते. दोन महिन्यांत खालची पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग सगळं रोप लिबलिबीत. पाणी आठवड्यातून एकदा, तेही चमच्याने. काय चुकतंय?

चमचा नाही, ठाणं चुकतंय. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, उंचावर कड्याकपारींत वाढणाऱ्या. तिथे दिवसा ऊन लख्ख आणि रात्री गार. जास्वंद-गुलाब दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कोरड्या मुलखातल्या झाडांना ते परवडत नाही, अंगातलं पाणी उडून जाईल. म्हणून ती रात्री छिद्रं उघडतात, आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन त्याचं अन्न करतात. या साऱ्याला गार रात्र लागते. ठाण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २७-२८च्या आसपास आणि हवा दमट. झाड धड जेवत नाही, पाणी ओढत नाही, आणि तुमचं चमचाभर पाणी कुंडीत तसंच पडून राहतं. पुढचं काम बुरशी करते.

विकणाऱ्यांचा माल बहुतेकदा थंड हवेतला असतो. कालिंपोंगला या झाडांच्या मोठाल्या नर्सऱ्या आहेत. डिसेंबरात पोचलेलं रोप होळीपर्यंत छान दिसतं, तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते. पुण्यात, नाशकात एचेव्हेरिया सावलीच्या आधाराने उन्हाळा काढते; पाचगणीला तर मजेत वाढते. तुम्ही तिचा नाद सोडा.

त्याऐवजी मेलोकॅक्टस लावा. कॅरिबियन बेटं आणि ब्राझील हे त्याचं माहेर, काही जाती तर समुद्राच्या वाऱ्यावरच वाढतात. उकाड्याला तो भीत नाही, भितो तो थंडीला. लहानपणी साधा हिरवा गोळा दिसतो. वयात आला की डोक्यावर लोकर आणि तांबूस केसांचा गोंडा धरतो आणि त्यानंतर खालचा गोळा वाढायचा जवळजवळ थांबतो, वाढतो तो फक्त गोंडा. त्यातून सायंकाळच्या सुमाराला टाचणीच्या डोक्याहून जरा मोठी गुलाबी फुलं डोकावतात आणि काही आठवड्यांनी गुलाबी मिरच्यांसारखी फळं बाहेर ढकलली जातात. ती चिमटीत धरून ओढली की अलगद निघतात, आत काळ्या बारीक बिया. त्याच पेरायच्या. याशिवाय अडेनियम, सॅन्सेव्हिएरिया, हूर्निया हे सगळे ठाण्याला मानवतात. स्टॅपेलियाही होईल, फक्त जेवणाच्या टेबलाजवळच्या खिडकीत ठेवू नका. त्याच्या फुलाला माशा बोलवायच्या असतात, आणि त्या कुजक्या मांसाच्या वासाला येतात.

प्रश्न (शेवगाव) : आमच्या बांधावर तीन तऱ्हेचे निवडुंग आहेत. एक चपट्या फड्यांचा, एक तीन धारांचा उंच, आणि एक बिनकाट्यांचा, नुसत्या हिरव्या काड्यांचा, ज्याला आम्ही शेर म्हणतो. यातला कॅक्टस कुठला? मुलगा म्हणतो तिन्ही.

मुलाला सांगा, एकच. आणि तो नेमका परदेशी आहे. फड्या निवडुंग हा अमेरिकेतला. तीनधारी आणि शेर हे युफोर्बियाच्या कुळातले, म्हणजे पानचेटू आणि एरंड यांच्या नात्यातले. कॅक्टसशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. पाणी कमी असलं की झाडाला जाड खोड आणि कमी पानं हाच मार्ग उरतो, म्हणून दोन वेगळी कुळं दोन खंडांत एकाच वळणाची झाली.

ओळखायची खूण अशी. भिंग घ्या आणि काटा जिथून निघतो ती जागा पाहा. कॅक्टसमध्ये तिथे लोकरीची बारीकशी गादी असते. काटे, फूल, नवीन फड, सगळं त्या गादीतूनच येतं. कॅक्टसच्या प्रत्येक जातीत ही गादी सापडते, काटे नसले तरी. युफोर्बियाच्या काट्याखाली अशी गादी नसते; तीनधारीचे काटे जोडीजोडीने, धारेवरच्या टणक उंचवट्यावर बसलेले दिसतील. दुसरी खूण चिकाची. युफोर्बियाला नखाने ओरखडलं तरी पांढराशुभ्र चीक येतो. पण एवढ्यावरच निकाल देऊ नका, कारण मॅमिलारिया नावाच्या कॅक्टसच्या काही जातींतूनही दुधासारखा रस येतो. आणि ओरखडून बघायची हौस असेल तर डोळे सांभाळा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर आग होऊन बुबुळाला इजा होते. बांधावरची शेराची काडी तोडताना असे अपघात होतात. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि तसंच डॉक्टर गाठायचा. दूध, तूप, काजळ काही घालायचं नाही.

फड्या निवडुंग आपल्याकडे कसा आला, याचीही कथा आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा या निवडुंगावर पोसला जातो. स्पेनच्या हातातला हा रंगाचा धंदा आपल्याला मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासेकडे निवडुंग लावले आणि १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणवला. किडा निघाला भलताच. रंग द्यायचा राहिला बाजूला, त्याने दक्षिणेतली निवडुंगाची एक जात फस्त करत आणली. दुसरी एक जात मात्र पुढे रानोमाळ पसरली. तिच्यासाठी १९२६ मध्ये सिलोनहून दुसरा किडा मुद्दाम आणला गेला आणि त्याने तिला आवर घातला. तुमच्या बांधावरच्या फडांवर कधी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर एखादा चिमटीत चिरडून बघा, बोट लालभडक होईल. त्याच खानदानातला तो.

प्रश्न (सातारा) : गच्चीवर लहानमोठे मिळून बरेच कॅक्टस जमवले आहेत. दर पावसाळ्यात काही जातातच. जाताना कळतही नाही, वरून हिरवं आणि हात लावला की आत पाणी. पावसाळ्याची तयारी नीट सांगा.

साताऱ्याचा पाऊस म्हणजे नुसतं पाणी नाही, आठवडा-आठवडा न दिसणारं ऊन. झाड मरतं ते दोन्ही मिळून. म्हणून पहिलं काम छपराचं. पारदर्शक पत्रा टाका, चारी बाजू उघड्या ठेवा. प्लास्टिक गुंडाळून चारी बाजू बंद केल्यात तर झाडांना वाफारा दिल्यासारखं होईल. कुंड्या जमिनीवर टेकवू नका, विटांवर किंवा मांडणीवर ठेवा, आणि दोन कुंड्यांमध्ये बोटं जातील एवढं अंतर ठेवा. छप्पर शक्य नसेल तर मोजकीच झाडं ठेवा, हे मी गमतीने म्हणत नाही.

दुसरं माती. नर्सरीतून आलेलं झाड बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. वाहतुकीला हलकं म्हणून त्यांची सोय. कोकोपीट ओलं झालं की सुटता सुटत नाही आणि एकदा ठणठणीत वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेने निसटून जातं. मेच्या आतच झाड उपसून, मुळांना चिकटलेलं कोकोपीट बोटांनी मोकळं करून, नव्या मिश्रणात लावा. माझं मिश्रण दोन भाग चाळलेली भरड वाळू, एक भाग हरभऱ्याएवढे विटकरीचे तुकडे, एक भाग मुरलेलं गांडूळखत आणि मूठभर कोळशाचा चुरा, असं आहे. वाळू नदीची, समुद्राची नको, तिच्यातलं मीठ जाता जात नाही. वाळूतली बारीक पूड चाळून टाकून द्यायची, चाळणीच्या वर राहते ती घ्यायची. लोक नेमकं उलटं करतात. परलाईट, प्युमिस असे हलके, सच्छिद्र खडे मिळत असतील आणि खिसा म्हणत असेल तर जरूर वापरा. काळी माती एक चिमूटही नको.

कुंडीच्या तळाला खड्यांचा थर घालण्याची जी चाल आहे, ती मोडा. पाणी बारीक कणांतून भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे खड्यांनी निचरा वाढत नाही, ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. कुंडी भरून झाली की पेलाभर पाणी ओता. ते बघता बघता खालून निघालं पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण बदला, देवाला नवस बोलू नका.

जूनचा पाऊस लागला की पाणी बंद. हवेतच एवढी ओल असते की मोठ्या झाडांना ऑगस्टअखेरपर्यंत काही लागत नाही. जरा आक्रसतील, कड्या, म्हणजे अंगावरच्या उभ्या घड्या, खोल दिसतील, दिसू देत. लहान रोपांना मात्र सलग दोन-तीन दिवस ऊन पडलं तर सकाळी थोडं पाणी द्या.

आता कूज लागलीच तर. दर रविवारी प्रत्येक गोळा बोटाने दाबून पाहायचा, मातीच्या लगत. मऊ लागला किंवा खालचा भाग पिवळट-तपकिरी दिसला की थांबायचं नाही. झाड उपसा, धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि खालून आडवा काप घ्या. कापलेल्या तोंडावर मध्यभागी एक गोल कडं दिसतं, झाडाच्या शिरांचं. त्या कड्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असेल तर कूज अजून वर आहे. सुरी पुन्हा पुसा, अजून एक चकती काढा. पुन्हा पाहा. कडं आणि गर दोन्ही एकसारखे फिकट हिरवे दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. कधी कधी नारळाएवढ्या झाडाचा लिंबाएवढा तुकडा उरतो, तो उरला तरी झाड वाचलं. सुरी न पुसता दुसरा काप घेतलात तर कूज तुम्हीच वर नेली समजा. उरलेल्या तुकड्याच्या कडा सोलून जरा तिरक्या करा, कारण मधला भाग वाळताना आत ओढला जातो आणि मुळं मधल्या कड्यातून फुटतात. कापलेल्या भागाला बुरशीनाशकाची किंवा गंधकाची भुकटी लावून सावलीत, वाऱ्यावर, तोंड वर करून ठेवा. टणक पापुद्रा धरायला दोन आठवडे लागतील, पावसाळ्यात महिनाही. मग कोरड्या वाळूवर नुसतं टेकवून ठेवायचं. मुळांची पांढरी टोकं दिसली की पाणी. त्याआधी नाही, कितीही दया आली तरी.

प्रश्न (सोलापूर, वय १२) : वाळवंटात हरवलं तर कॅक्टस कापून पाणी पिता येतं, असं कार्टूनमध्ये दाखवतात. खरंच?

नाही रे बाबा. कॅक्टस कापला तर आत पाण्याची टाकी नसते, बुळबुळीत, कडवट गर असतो. बऱ्याच जातींच्या गरात आम्लं आणि अल्कलॉइड नावाची बाधणारी द्रव्यं असतात. प्यायलास तर उलट्या होतील आणि अंगात होतं तेवढंही पाणी जाईल. पण झाड पाणी साठवतं हे मात्र खरं आहे आणि ते तुला घरच्या कुंडीत बघता येईल. कॅक्टसच्या अंगावर उभ्या घड्या असतात ना, त्या पेटीच्या भात्यासारख्या काम करतात. पाणी मिळालं की घड्या उलगडून झाड फुगतं, संपत आलं की मिटतात. साल फाटत नाही. पाणी घालायच्या आधी आणि चार दिवसांनी दोऱ्याने त्याच्या पोटाचा घेर मोजून वहीत लिही. मोठ्या गोळ्यावर केलंस तर फरक कळेल. काट्यांपासून दोरा सोडवायला आईची मदत घे.

प्रश्न (नागपूर) : गोल्डन बॅरल कॅक्टस दहा वर्षांपासून आहे, फुटबॉलएवढा झालाय. फूल एकदाही नाही. शिवाय या उन्हाळ्यात एका बाजूला पांढरट-तपकिरी डाग पडलाय.

फुलाची घाई करू नका, तो अजून पोर आहे. गोल्डन बॅरल साधारण दीड फूट रुंद झाल्याशिवाय फुलत नाही, आणि तेवढं व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. फुललाच तर डोक्यावरच्या लोकरीत पिवळ्या फुलांचं कडं येतं. जगभर घरोघरी असलेलं हे झाड त्याच्या मूळ जागी मात्र संकटात आहे. मेक्सिकोत झिमापान धरणाचं पाणी चढलं, तेव्हा त्याचे डोंगरउतार बुडाले.

डाग उन्हाचा आहे. तुम्ही कुंडी फिरवली असणार, किंवा सावलीतून एकदम उघड्यावर आणली असणार. ज्या बाजूला ऊन लागण्याची सवय नाही ती नागपूरच्या मेमध्ये भाजून निघते. कॅक्टस वाळवंटातला म्हणून त्याला ४५ अंशांचं ऊन हवंच, असं नाही. रानात तो लहानपणी झुडपाच्या नाहीतर खडकाच्या आडोशाला वाढतो. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधा. डाग जाणार नाही, पण झाड वाढेल तसा खाली सरकत जाईल. आणि डाग टणक असेल तर निर्धास्त राहा. मऊ असेल तर साताऱ्याचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न (कोल्हापूर) : सासूबाई म्हणतात घरात काटेरी झाड ठेवायचं नाही, वास्तुदोष होतो. मला तर हौस आहे. तुमचं मत?

वास्तूतलं मला कळत नाही, पण दारात आणि येण्याजाण्याच्या वाटेवर काटेरी कुंडी नको, याबाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची आहे. पदर अडकतो, पोरं धडपडतात. सशाच्या कानासारखा दिसणारा, पिवळ्या ठिपक्यांचा मायक्रोडेसिस तर मुलं असलेल्या घरात आणूच नका. तो बिनकाट्यांचा वाटतो म्हणून लोक कुरवाळतात, आणि त्या प्रत्येक ठिपक्यात शेकडो उलट्या टोकांची कुसळं असतात. बोटांत गेली तर चोळू नका. मोठी दिसतात ती चिमट्याने काढा. उरलेल्यांवर फेव्हिकॉलचा थर द्या, वाळू द्या आणि सोला.

आता हळूच सासूबाईंना विचारा, तुमच्या गॅलरीत ब्रह्मकमळ आहे का? बहुतेक असेलच. रात्री फुलतं, कळ्या आल्या की शेजारीपाजारी बोलावणं जातं, हळदकुंकू वाहून पूजा होते. ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांवर वाढणारा कॅक्टस. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटं खोड आहे, म्हणून तर कळी 'पाना'च्या कडेतून येते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. तेव्हा तुमच्या घरात कॅक्टसची पूजा आधीपासून चालू आहे. हे सांगायची वेळ मात्र बघून निवडा.

प्रश्न (पुणे) : प्रदर्शनातून हिरव्या दांड्यावर लाल गोळा असलेला कॅक्टस आणि निळ्या रंगाचं सक्युलंट आणलं. निळ्याची नवीन पानं हिरवी येतायत! लाल किती वर्षं टिकेल?

निळा रंग स्प्रे मारलेला आहे. पानांवर रंगाचा थर बसल्याने झाडाला ऊन नीट मिळत नाही. नवी पानं हिरवी येतायत म्हणजे ते धडपडतंय, जुनी हळूहळू काढून टाका. आणखी एक सोंग बाजारात आहे, डोक्यावर वाळलेलं रंगीत फूल गरम गोंदाने चिकटवलेला कॅक्टस. खरं फूल काही दिवसांत मिटतं. महिनाभर एकसारखं टवटवीत असेल तर नखाने बुडाशी बघा, गोंदाचा थेंब सापडेल.

लाल गोळा ही फसवणूक नव्हे, ते कलम आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये जिम्नोकॅलिशियम नावाच्या कॅक्टसच्या रोपांत हिरवं द्रव्यच नसलेली लाल पिल्लं निघाली. ती स्वतःचं अन्न करू शकत नाहीत, म्हणून दुसऱ्या कॅक्टसवर बसवून जगवली गेली. आजही तीच रीत आहे आणि खालचा तीनधारी दांडा बहुतेक ड्रॅगन फ्रूटचा असतो. दांडा आणि गोळा यांची वाढ जुळत नाही, त्यामुळे काही वर्षांत जोडी फुटते. लाल गोळ्याला पिल्लं आली की ती काढून नव्या दांड्यावर चढवत राहा. आपल्या हवेत ड्रॅगन फ्रूट जोमाने वाढतं, दांड्यांची कमी पडणार नाही.

प्रश्न (जुन्नर) : शिवनेरीवर शिंदळ माकुडी आहे असं ऐकून आहोत. एक फांदी आणून कुंडीत लावली तर जगेल का?

जगेल, म्हणूनच आणू नका. ही वनस्पती साऱ्या जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांवर आहे. शिवनेरी, पुरंदर ही त्यातली नावं. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी १८६०च्या दशकात तिची नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव मिळालं. तिच्या नात्यातली माकडशिंगीसारखी झाडं बिनपानांची, नुसत्या खोडांची. ही मात्र पावसात मांसल पानं धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून कातळाच्या खाचेत वाळक्या कांड्यांसारखी पडून राहते. फूल रुपयाएवढं, गर्द तांबूस, त्यावर पिवळी नक्षी, पाच पाकळ्यांची चांदणी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतं.

फांदीपासून ती इतकी सहज रुजते की कुंडीत वाढवलेल्या झाडांच्या फांद्या संग्राहकांत फिरत असतात. कोणा जाणत्याकडून तशी मिळवा, विचारून घ्या की मूळ झाड कुठलं. कड्यावरची एक फांदी तुम्ही आणाल, दुसरी तुमचा मित्र आणेल, आणि एखाद्या खाचेतली पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती एका पावसाळ्यात संपेल. हे काही मी उगाच घाबरवत नाही. २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाच्या घरातून चिलीच्या आटाकामा वाळवंटातून चोरलेले हजाराच्या घरातले कॅक्टस पकडले गेले. त्यातले बरेचसे पुढच्या वर्षी विमानाने चिलीला परत गेले. हौशी लोकांचाच हा बाजार. गडावर जा, दुर्बीण न्या, फोटो काढा. आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका, हे जास्त महत्त्वाचं.

प्रश्न (फिनिक्स, अमेरिका) : आमच्या अंगणात सग्वारो कॅक्टस आहे. सुट्टीत येताना बिया आणल्या तर वडिलांच्या शेतात, माणला, रुजतील का?

रुजतील, पण खिशातून आणू नका. परदेशी बी भारतात आणायला आयात परवाना आणि तिकडचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सामानात सापडलं तर जप्त होईल. शिवाय सग्वारोचं रोप पहिली काही वर्षं बोटाएवढंही होत नाही, आणि ते बाजूचे हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. वडिलांना ते बघायला मिळणार नाहीत, तुम्हालाही कठीण. भारतात वाढवलेली सग्वारोची रोपं मिळतात, एक घेऊन द्या.

प्रश्न (संगमनेर) : काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसतो. पुसला तरी परत येतो.

पिठ्या ढेकूण. कानकोरणीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेक पुंजका टिपा, आठवड्याने पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा. अंडी राहतात म्हणून परत येतो. मुंग्यांची रांग कुंडीवर दिसत असेल तर आधी मुंग्या आवरा, त्याच त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर पोचवतात. झाड कारण नसताना वाढायचं थांबलं असेल तर उपसून पाहा. कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर कीड मुळांत आहे. मुळं धुवा, माती फेकून द्या, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा. निंबोळी तेल फवारायचं असेल तर सूर्य मावळल्यावर, आणि ज्या झाडांवर पांढरी साय असते त्यांच्यावर अजिबात नाही. तेलाने साय जाते ती त्या पानावर पुन्हा येत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : संग्रह वाढलाय, पण नावं कळत नाहीत. नर्सरीवाला सगळ्यांना 'मॅमिलारिया' म्हणतो. ॲपवर फोटो टाकला तर दर वेळी वेगळं नाव येतं. ओळख पटवायची कशी?

फूल येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. नुसत्या अंगावरून मॅमिलारिया आणि इतर गोळे वेगळे करता येतात : मॅमिलारियाला सलग कड्या नसतात, सुटे उंचवटे असतात आणि फुलं शेंड्याच्या खाली कडं करून येतात. जिम्नोकॅलिशियमची कळी गुळगुळीत, बिनकाट्यांची, बिनकेसांची. एकिनॉप्सिसची लांब दांड्याची आणि केसाळ, बऱ्याचदा रात्री उमलणारी. इथवर घरी पोचता येतं. त्यापुढे जातीचं नाव लावायचा हट्ट धरू नका, कारण नर्सरीतली कित्येक झाडं संकरित असतात आणि त्यांना खरं नावच नसतं. अंदाजाने लावलेलं चुकीचं नाव त्याच्या पिल्लांबरोबर चार घरी जातं. त्यापेक्षा पट्टीवर "नाव नाही" लिहा आणि कुठून आणलं, कोणत्या महिन्यात, हे लिहा.

पट्टी शिसपेन्सिलने लिहायची. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते. जुनं नाव बदललं म्हणून जुनी पट्टी फेकू नका. वर नागपूरच्या वाचकांचा जो गोल्डन बॅरल, तो माझ्या पट्टीवर एकिनोकॅक्टस आहे. २०१४ मध्ये त्याला क्रोनलाइनिया असं नवं कुळनाव मिळालं. सॅन्सेव्हिएरिया आता ड्रॅसिनात गेली. शास्त्रज्ञांना बदलू देत, तुम्ही दोन्ही लिहा.

मला फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा : एक वरून, एक बाजूने आणि एक काट्यांच्या गादीचा अगदी जवळून. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. फूल असेल तर ते बाजूनेही काढा, नुसतं समोरून नको, कारण निम्मी ओळख देठाजवळ असते. कुंडीवरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल.